पाणी वाढवा, डोकेदुखी घटवा? एका पेपरची उलटतपासणी

वारंवार डोकं दुखतं अशी तक्रार केली की आपल्या जळगाव-धुळ्याकडे कारणं ठरलेली असतात. ऊन लागलं, पाणी कमी पडलं, पित्त झालं, सायनस आहे, चष्म्याचा नंबर वाढला. उपायही ठरलेले: पाणी पी, सुंठ उगाळून लाव, बाम चोळ, आणि तरी नाही थांबलं तर दुकानातून गोळी आण. ‘डोकं दुखस’ एवढं म्हणायचा अवकाश, घरातला प्रत्येक माणूस वैद्य होतो.

हे सगळं खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. पण तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिस लिहायला बसलेत, आणि आरोग्याचा विषय घेतला की ‘घरगुती उपायांची परिणामकारकता’ हे शब्द सिनॉप्सिसमध्ये हमखास शिरतात. म्हणून या सल्ल्यांतला सर्वांत साधा सल्ला घेऊ, पाण्याचा, आणि त्याच्या पाठीशी असलेला पेपर सावकाश वाचू. पाण्यावर खरोखरचा रँडमाइज्ड प्रयोग झालेला आहे, हेच मुळात कौतुकाचं आहे. बाकीच्या घरगुती उपायांपैकी कितीतरींच्या नशिबी तेवढंही आलेलं नाही.

पेपर काय सांगतो

नेदरलँड्समधल्या मार्क स्पिग्ट आणि सहकाऱ्यांनी 2005 साली आधी एक छोटा पायलट अभ्यास छापला. त्यात फक्त 18 जण होते. पाणी वाढवलेल्या गटात दोन आठवड्यांतले डोकेदुखीचे तास सुमारे 21 ने कमी दिसले. आकडा मोठा वाटतो ना? पण त्याचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल 48 तासांच्या घटीपासून 5 तासांच्या वाढीपर्यंत पसरलेला होता. म्हणजे खूप फायदा, थोडा तोटा, की काहीच नाही, यातलं काहीही खरं असू शकत होतं. पायलटचं काम तेवढंच असतं: मोठा प्रयोग करण्यासारखं काही आहे का ते बघणं. लेखकांनी तसंच म्हटलं आणि पुढे मोठा प्रयोग केलाही. इथवर शाबासकी.

मोठा प्रयोग 2012 साली ‘फॅमिली प्रॅक्टिस’ या नियतकालिकात आला. 102 जण. महिन्यातून किमान दोनदा मध्यम किंवा पाचदा सौम्य डोकेदुखी होणारे, आणि दिवसाला अडीच लिटरपेक्षा कमी द्रवपदार्थ घेणारे. दोन्ही गटांना ताण कमी करण्याच्या आणि झोप सुधारण्याच्या लेखी सूचना दिल्या. 52 जणांच्या गटाला त्याशिवाय सांगितलं की रोज दीड लिटर पाणी जास्त प्या. तीन महिने.

निकाल असा. पाण्याच्या गटात जीवनमानाच्या प्रश्नावलीवर 4.5 गुणांची सुधारणा दिसली, इंटरव्हल 1.3 ते 7.8. ‘तुम्हाला किती फरक पडला?’ या प्रश्नाला दहापैकी सहा किंवा अधिक गुण देणारे पाण्याच्या गटात 47 टक्के होते, दुसऱ्या गटात 25 टक्के. आणि डोकं दुखलेल्या दिवसांची संख्या? त्यात सांगण्यासारखा फरक पडला नाही.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. दिवस तेवढेच. बरं वाटणारे मात्र जवळजवळ दुप्पट.

आता इथे घाई करून ‘म्हणजे सगळा मनाचा खेळ’ असं म्हणू नका. तीच चूक उलट्या बाजूने होईल. डोकं तितकेच दिवस दुखलं, पण कमी जोरात दुखलं, लवकर थांबलं, कामं अडली नाहीत, असंही असू शकतं. जीवनमानाची प्रश्नावली तेच पकडायला बनवलेली असते. पण दुसरी शक्यताही तितकीच उभी आहे. पाणी पिणाऱ्याला आपण पाणी पितोय हे कळतंच. गोळीच्या प्रयोगात खोटी गोळी देता येते, खोटं पाणी कुठून आणणार? तीन महिने रोज दीड लिटर जास्तीचं पाणी नेटाने पिणारा माणूस शेवटी ‘काही फरक नाही’ असं सहजी म्हणत नाही. जिथे ब्लाइंडिंग अशक्य आहे तिथे ‘किती बरं वाटलं’ यापेक्षा मोजता येणाऱ्या गोष्टीला जास्त वजन द्यायचं असतं, आणि इथे मोजलेली गोष्ट, म्हणजे दिवस, जागची हललेली नाही.

मला याहून जास्त खटकतो तो शेवटपर्यंत टिकलेल्यांचा आकडा. पाण्याच्या गटात 52 पैकी 41 जणांनी प्रयोग पूर्ण केला. दुसऱ्या गटात 50 पैकी फक्त 29 जणांनी. म्हणजे 21 जण मधेच गेले. कोण होते हे? ज्यांचं डोकं दुखायचं थांबलं म्हणून ज्यांनी फॉर्म भरायचा कंटाळा केला, ते असतील तर उरलेला गट मूळ गटापेक्षा जास्त आजारी दिसणार आणि पाणी फुकट हुशार ठरणार. उलट ज्यांना काहीच फरक नव्हता ते वैतागून गेले असतील तर उरलेला गट बरा दिसणार आणि पाण्यावर अन्याय होणार. पेपर वाचताना आधी हा आकडा शोधायची सवय लावा. तो ॲबस्ट्रॅक्टमध्ये असतो, पण आपली नजर पी-व्हॅल्यूवर खिळलेली असते. दोन गटांतली गळती वेगवेगळी असली की रँडमायझेशनने मेहनतीने साधलेली बरोबरी तिथेच सैल होते.

लेखकांनी शेवटी सुचवलंय की उपाय निरुपद्रवी आहे, तेव्हा थोडे दिवस करून बघायला हरकत नाही. हे वाक्य प्रामाणिक आहे. ‘सिद्ध झालं’ असं त्यांनी म्हटलेलं नाही, ते आपण म्हणतो.

हाच पेपर एरंडोलच्या शेतात

समजा तुम्ही ठरवलं की हा प्रयोग जसाच्या तसा खानदेशात करायचा. सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य फार आवडीनं लिहिलं जातं: ‘सदर अभ्यास खानदेशात करणे आवश्यक आहे.’ का आवश्यक आहे, ते मात्र पुढच्या ओळीत येत नाही. भाग बदलला म्हणून कारण आपोआप तयार होत नसतं. इथे मात्र कारण आहे, आणि ते पेपरच्या निवड-निकषातच दडलंय.

दिवसाला अडीच लिटरपेक्षा कमी पिणारेच त्या प्रयोगात घेतले होते. नेदरलँड्सच्या हवेत हा निकष ठीक. आता मे महिन्यात रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारा मजूर घ्या, किंवा वीटभट्टीवरचा. जळगाव-भुसावळचा पारा तेव्हा 44-45 अंशांवर असतो. अंगमेहनतीत अशा उन्हात तासाला लिटरभर घाम सहज जाऊ शकतो. हा माणूस दिवसाला चार-पाच लिटर पाणी पितो आणि तरीही त्याच्या शरीरात पाणी कमीच असतं. डच निकष लावला तर तो प्रयोगातच बसत नाही! ज्याला आपण ‘पाणी कमी पडलं’ असं सगळ्यात आधी म्हणतो, त्याच्यावर त्या प्रयोगातून एक अक्षरही कळत नाही.

त्याच्यासाठी ‘किती प्यालास’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘किती गेलं आणि किती आलं’ हे बघावं लागतं: कामाआधी आणि कामानंतरचं वजन, लघवीचा रंग, लघवीला किती वेळा जाणं झालं. शिवाय घामातून मीठही जातं. भरपूर घाम गेल्यावर नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि त्याचंही एक लक्षण डोकेदुखीच आहे. मीठ घातलेलं ताक, पन्हं, ओआरएस यांचा मुद्दा इथे येतो. म्हणजे आपल्याकडचा ‘नैसर्गिक उपाय’ घरात आधीपासून होता, तो डच प्रयोगात नव्हता. तुमचा प्रयोग करायचाच तर पाणी विरुद्ध काहीच नाही असा नको, पाणी विरुद्ध मिठाचं ताक असा जास्त उपयोगी होईल. ओआरएस घ्या नाहीतर ताक, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असलेल्यांना मीठ वाढवायला सांगताना डॉक्टर सोबत हवाच.

आणि एक गोष्ट जी प्रश्नावलीत कधी नसते. कांदे काढायला किंवा निंदणीला गेलेल्या बाया सकाळपासून मुद्दाम कमी पाणी पितात, कारण शेतात आडोसा नसतो. तिला ‘दीड लिटर जास्त प्या’ असं सांगणारा सल्ला खोटा नाही, बिनकामाचा आहे. धुळ्यात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं तेव्हा घरात पाण्याची वाटणी कशी होते, हेही मोजण्यासारखं आहे. इथे डोकेदुखीचा अभ्यास अचानक समाजशास्त्राचा होतो. समाजशास्त्रवाल्यांनी म्हणूनच हा विषय मेडिकलवाल्यांचा म्हणून सोडून देऊ नये.

ऊन लागलं म्हणजे नक्की काय झालं, यावर बॉस्टनचा एक चांगला अभ्यास आहे. केनेथ मुकामल आणि सहकाऱ्यांनी 2009 साली ‘न्यूरॉलॉजी’त छापलेला. डोकेदुखीसाठी इमर्जन्सीत आलेले 7,054 रुग्ण घेतले. प्रत्येकाची तुलना दुसऱ्या कुणाशी न करता त्याच्याशीच केली: ज्या दिवशी तो आला तो दिवस, आणि त्याच महिन्यातले तेच वार. याला केस-क्रॉसओव्हर म्हणतात. वय, लिंग, घराणं, स्वभाव, सगळं आपोआप सारखं होतं, कारण माणूस तोच. आधीच्या 24 तासांत तापमान 5 अंशांनी जास्त असेल तर डोकेदुखीने येण्याची शक्यता 7.5 टक्क्यांनी वाढलेली दिसली. डिझाइन सुंदर आहे, जरूर शिका. पण बॉस्टनच्या 20 वरून 25 अंशांवर जाण्याचा हिशेब जळगावच्या 40 वरून 45 ला लावायचा मोह आवरा. आणि इथे डोकं दुखलं म्हणून इमर्जन्सीत कोण जातं? किराणा दुकानात जातात. त्यामुळे दवाखान्याच्या रजिस्टरवरून हा अभ्यास इथे उभा राहणार नाही.

सुंठ आणि बाम

सुंठेबद्दल दोन प्रयोग शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत. इराणमध्ये मघबूली आणि सहकाऱ्यांनी (2014) 100 मायग्रेन रुग्णांवर झटक्याच्या वेळी आल्याची पूड आणि सुमाट्रिप्टान हे औषध यांची तुलना केली. दोन तासांनी दोन्ही गटांत आराम सारखाच. ‘आलं औषधाच्या तोडीचं’ असा निष्कर्ष यावरून फिरत असतो. पण प्रयोगात प्लासिबोचा गट नव्हता. मायग्रेनचा झटका खोट्या गोळीनेही बऱ्याच जणांत उतरतो. तिसरा गट नसेल तर दोघंही सारखेच चांगले की दोघंही त्या प्रयोगात सारखेच सामान्य, हे सांगता येत नाही. ‘फरक दिसला नाही’ आणि ‘दोन्ही समान आहेत’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. व्हायवात यावर प्रश्न येतो.

2019 मध्ये ब्राझीलच्या मार्टिन्स आणि सहकाऱ्यांनी प्लासिबो ठेवला. 107 रुग्ण, आल्याचा अर्क दिवसातून तीनदा, तीन महिने, झटके येऊच नयेत म्हणून. दोन्ही गट सुधारले, आणि दोन्ही सारखेच सुधारले. नुसता आल्याचा गट बघितला असता तर लेखकांनी पेढे वाटले असते. माणूस प्रयोगात येतो तेव्हा बहुधा त्याचा त्रास शिगेला असतो. तिथून तो काही न करताही थोडा खाली येतोच.

आणि दोन्ही प्रयोगांत आलं पोटात दिलं होतं. आपण सुंठ सहाणेवर उगाळून कपाळाला लावतो. लेपाचा पुरावा म्हणून हे पेपर देणं म्हणजे पोहण्याच्या स्पर्धेचा निकाल कुस्तीच्या अर्जाला जोडणं.

कपाळाला लावण्याच्या गोष्टीत पुदिन्याच्या तेलाचा जर्मन प्रयोग मात्र वाचाच (ग्योबेल आणि सहकारी, 1996). ताणाच्या डोकेदुखीचे 41 रुग्ण, 164 झटके, 10 टक्के पुदिना तेल कपाळाला आणि कानशिलाला, समोर पॅरासिटामॉल 1000 मिलिग्रॅम आणि प्लासिबो. तेल प्लासिबोपेक्षा सरस ठरलं आणि पॅरासिटामॉलच्या जवळपास. पुदिन्याचा वास लपवणार कसा? त्यांनी प्लासिबोतही वासापुरतं नावाला तेल घातलं. ही युक्ती लक्षात ठेवा. आपल्या बाममध्ये मेंथॉल असतं, त्यामुळे आजीच्या बामवर हसू नका. अमृतांजन 1893 पासून, तेही मुंबईत सुरू झालेलं, इतकी वर्षं नुसत्या जाहिरातीवर टिकलं असेल असं मला वाटत नाही.

सायनस, पित्त आणि अर्धशिशी

कारणांच्या यादीतला सगळ्यात मोठा घोळ नावांचा आहे. श्रायबर आणि सहकाऱ्यांनी 2004 साली अमेरिकेत ‘मला सायनसची डोकेदुखी आहे’ असं म्हणणारे 2,991 जण तपासले. त्यातल्या 88 टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या प्रकारात बसली. आकडा जबरदस्त आहे, पण ज्यांच्यात संसर्गाची चिन्हं होती त्यांना आधीच वगळलं होतं. म्हणजे खरे सायनसवाले दाराबाहेर ठेवून आत किती सायनसवाले आहेत ते मोजलं. तरीही मुद्दा उरतोच: नाक चोंदणं, डोळ्यांतून पाणी येणं हे मायग्रेनमध्येही होतं.

आपल्याकडे त्यात पित्त आहे. डोकं दुखतं, मळमळतं, उलटी झाली की बरं वाटतं, म्हणून ‘पित्त पडलं’. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मायग्रेनची खूण बघा: किमान पाच झटके, 4 ते 72 तास टिकणारे, एका बाजूला, ठणकणारं, मध्यम ते तीव्र, जिने चढल्यावर वाढणारं, यांपैकी दोन गोष्टी, आणि सोबत मळमळ किंवा उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही सहन न होणं. ‘पित्त’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टी यात चपखल बसतात. अर्धशिशी हा आपला जुना शब्द तर अर्धं डोकं नेमकं पकडतो. म्हणून मुलाखतीत ‘तुम्हाला मायग्रेन आहे का?’ विचारू नका. ‘नाही, पित्त आहे’ असं उत्तर येईल आणि तुमच्या तक्त्यात मायग्रेन गायब होईल. लक्षणं विचारा, शक्य तिथे अहिराणीत विचारा, नाव तुम्ही नंतर द्या.

हे किरकोळ नाही. बेंगळुरूच्या आसपासच्या शहरी-ग्रामीण पाहणीत 2,329 प्रौढांना घरोघरी जाऊन अशीच लक्षणं विचारली. वर्षभरात एकदा तरी डोकं दुखलेले 63.9 टक्के निघाले आणि मायग्रेन 25.2 टक्के. चौघांत एक. ग्रामीण भागात डोकेदुखीचं प्रमाण शहरापेक्षा जास्त निघालं. ‘डोकेदुखी म्हणजे एसीत बसणाऱ्यांचं दुखणं’ हे तिथेच मोडतं.

गोळ्या मोजा

आता ज्याच्यामुळे हा विषय मला हसण्यावारी नेता येत नाही, ते. डोकेदुखीची गोळी दुकानात सुटी मिळते. मुळात डोकेदुखी असलेल्या माणसाने तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामकं घेतली, किंवा मिश्र गोळ्या 10 दिवस घेतल्या, तर गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. या मिश्र गोळ्यांत बऱ्याचदा कॅफीनही असतं. डोकं महिन्यातले निम्मे दिवस दुखायला लागतं, गोळी वाढते, आणि माणूस म्हणतो माझा सायनस बिघडला. वर्षं जातात.

आता तुमच्या पाण्याच्या प्रयोगात अशी बाई आली असं समजा. तुम्ही तिला सांगितलं पाणी वाढवा, आणि आशेने तिने स्वतःच गोळ्या कमी केल्या. पहिले काही दिवस डोकं जास्तच दुखेल, कारण गोळी सुटतेय. मग हळूहळू कमी होईल. तुमच्या आलेखात ‘पाण्याने फरक पडला’ दिसेल आणि खरा फरक गोळी सुटण्याने पडलेला असेल. गोळ्यांचा रकाना नसेल तर हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

चहाचंही तेच. सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांच्या 1992 च्या प्रयोगात रोजचं कॅफीन अचानक बंद झालेल्या 62 निरोगी लोकांपैकी 52 टक्के लोकांना मध्यम किंवा तीव्र डोकेदुखी झाली. ‘चहा सोडा, पाणी प्या’ असा जोडसल्ला प्रयोगात दिलात तर पहिला आठवडा वाया गेलाच समजा. उपासाच्या दिवशी दुखणाऱ्या डोक्यातही रिकामं पोट किती, पाणी किती आणि न घेतलेला चहा किती, हे वेगळं काढणं सोपं नाही.

प्रयोगातून कुणाला वगळायचं ते मात्र सुरुवातीलाच पक्कं करा, कारण इथे चूक झाली तर ती तक्त्यापुरती राहत नाही. अचानक विजेसारखी उठलेली अतितीव्र डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, हातापायात कमजोरी, बोलण्यात किंवा दिसण्यात फरक, डोक्याला मार लागल्यानंतरची, गरोदरपणातली, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. आणि उन्हात काम करताना डोकेदुखीसोबत असंबद्ध बोलणं किंवा शुद्ध हरपणं: तो उष्माघात असू शकतो, फॉर्म बाजूला ठेवून अंग थंड करायचं आणि लगेच रुग्णालयात न्यायचं. अशा लोकांना पाणी किंवा सुंठेच्या गटात टाकणारा प्रोटोकॉल एथिक्स कमिटीने परत पाठवला तर तुमच्याच भल्याचं आहे.

नोंदवही रोजची ठेवा. महिनाअखेरीला ‘किती दिवस दुखलं?’ विचारलं तर शेवटचे चार दिवसच आठवतात. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांचं पान करा: सकाळ-दुपार-संध्याकाळचे तीन चौकोन, दुखलं तर रंगवायचं, उन्हात गेलात का, किती तांबे पाणी, किती कप चहा. आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या फेकू नका, पिशवीत ठेवा, मी दर आठवड्याला येऊन मोजणार, असं पहिल्याच भेटीत सांगून ठेवा.